साळखात्यातलं बोलणं

आमच्या घरात मोठ्यानं भांडायची पद्धत नव्हती. याचं श्रेय कृपा करून कोणी संस्कारांना देऊ नये. लालबागची चाळ, दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत, आणि त्यातली आमच्याकडची एक फळी फुगून सुटलेली. पलीकडच्या काकूंनी मिरची फोडणीला टाकली की ठसका आम्हाला लागायचा. अशा घरात नवराबायकोनं भांडायचं कसं? तर माझे आईबाबा ओठांनी भांडायचे. आवाज अजिबात नाही. नुसते ओठ, भुवया आणि बोटं. मी जेवता जेवता एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे बघायची, आणि मला सगळं कळायचं.

हे बोलणं बाबांनी गिरणीतून आणलेलं. ते साळखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात त्या खात्यात. तिथे मागाला साचा म्हणतात. असे शेकडो साचे एका छपराखाली एकदम खडखडायला लागले की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. मग विणकर ओठांनी बोलतात. शब्द आपलेच, नेहमीचे. फक्त आवाज काढायचा नाही, ओठ जरा ताणून हलवायचे आणि सोबतीला खुणा करायच्या. छातीवर मूठ आपटली की आडवं सूत नेणारा धोटा अडकला. कपाळाला बोट लावलं की जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम येतोय, गप्पा बंद. नव्या माणसाला हे शिकायला बराच काळ लागायचा. मला कोणी शिकवलं नाही, मी त्यातच वाढले. आईला ओठ वाचता यायचे सगळे, पण बोलताना तिला शिव्या तेवढ्या सफाईनं जमायच्या.

आणि साच्यांनी बाबांचे कान खाल्ले होते. पाठीमागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. समोर गेलं की त्यांचे डोळे थेट आपल्या तोंडावर. नवखा माणूस बावरायचा, की हा असा टक लावून काय बघतोय माझ्या तोंडाकडे. स्वतः बोलले की इतक्या मोठ्यानं बोलायचे की खालच्या मजल्यावर कळायचं आमच्याकडे आज भाजी कुठली आहे. हे सगळं मी आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढे जेव्हा हे सांगायची वेळ आली तेव्हा कोणी ऐकून घेतलं नाही.

बाबांच्या समोरच्या साच्यांवर त्यांचा जोडीदार होता. आमच्याच मुलखातला, शेजारच्या गावचा. दोघं गिरणीत लागले एकदम, आणि तेव्हापासून रोज पाळीभर समोरासमोर. पाळीभर काय बोलत असतील? गावच्या फणसाला किती धरलं, भावकीतला कोण बांध सरकवतोय, मुंबई आपल्याला मिळणार की नाही. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे यायचा आणि दोघं गॅलरीत दोन स्टुलांवर समोरासमोर बसायचे, आणि तिथेही आवाज नाही! सवयच ती. ओठ हलतायत, बोटं नाचतायत, मध्येच दोघं पोट धरून हसतायत. चाळीतले टवाळ म्हणायचे, चला रे, मुक्यांची सभा भरली. मला वाटतं त्या दोघांनी एकमेकांचा आवाज फारसा ऐकलाच नसेल.

तो जोडीदार खोकून खोकून गेला. कापसाची पूड छातीत बसली होती. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गोळीबार झालेला, माणसं मेलेली. त्यांच्यामागे अख्खं परळ-लालबाग लोटलं होतं, आणि लोटायलाच हवं होतं, मी पण घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. पण हा बिचारा गेला तो नेमका बंदच्या दिवशी. गाडी नाही, घोडा नाही, निम्मी चाळ मोर्च्याला गेलेली. खांदा द्यायला माणसं गोळा करता करता बाबांच्या तोंडाला फेस आला. गोळीनं मेलेल्याचं दुःख सगळ्यांचं, आणि खोकल्यानं मेलेल्याचं दुःख ज्याचं त्यानं बघावं, असे ते दिवस होते.

बाबा रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळीला गेले. आम्हाला वाटलं, सावरले. मग जॉबरच घरी आला. म्हणाला, समोरच्या साच्यांवर नवा बदली माणूस दिलाय, तो यांच्याकडे पाठ करून उभा असतो, आणि हे त्याच्या पाठीशी बोलतात. धागा तुटतो, कापडाला भोकं पडतात, यांना पत्ता नाही. बदलीवाला पोरगा घाबरून दुसरे साचे मागतोय. घरीही तेच. संध्याकाळी बाबा गॅलरीत दोन्ही स्टुलं मांडायचे, एकावर बसायचे, आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाशी ओठ हलवायचे. कोणी ते स्टूल घ्यायला आलं की हातानं थांबवायचे.

आमच्या चाळीत तेव्हा वेडाचे प्रकार ठरलेले होते, आणि कोणाला कुठल्या खणात टाकायचं ते नळावर ठरायचं. एक, मनाला लावून घेतलेला. त्याला चहा पाजायचा, पाठीवरून हात फिरवायचा. दुसरा, सरकलेला. त्याच्यापासून पोरं लांब ठेवायची. तिसरा, बाहेरचं लागलेला. त्याला नारळ, लिंबू, गावच्या देवाला कौल. आणि चौथा, नाटक्या. त्याला दोन शिव्या हासडायच्या की तो बरा. हसू येतं ना? येऊ दे. पण या खणातून त्या खणात माणूस कधी सरकवला जातो ते घरच्यांना कोणी सांगत नाही. बाबा आधी पहिल्या खणात होते. मग एक दिवस पलीकडच्या काकूंची छोटी साखर मागायला यायची बंद झाली, वाटी घेऊन काकू स्वतः आल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळलं, बाबा दुसऱ्या खणात गेले.

गिरणीच्या डॉक्टरनं टॉनिक दिलं. जॉबर म्हणाला, टॉनिकनं काय होतंय, मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, नाहीतर साचे दुसऱ्याला द्यावे लागतील. आईचं धाबं दणाणलं. साच्यांचं एक वेळ राहू दे. पण तिथून पुढे शहराबाहेरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतात, आणि तिथे गेलेला माणूस परत येत नाही, आला तर तो आपला राहत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक होतं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन दादरला टायपिंगच्या क्लासला जात होते, म्हणजे स्वतःला फार शिकलेली समजत होते. मी आईला म्हटलं, अगं त्यात काय एवढं, डॉक्टरला समजावून सांगू की हे साळखात्यातलं बोलणं आहे. डॉक्टर शिकलेला असतो, त्याला कळेल. आईनं बाबांना सांगितलं, कान दाखवायला जायचंय.

त्या इस्पितळात मनाच्या आजाराचा बाह्यरुग्ण विभाग एका कोपऱ्यात होता. बाकावर बसल्या बसल्या बाबांचे ओठ हलायला लागले आणि शेजारची माणसं एकेक करून दुसऱ्या बाकावर गेली. इथे आलेली माणसं! यांनी तरी जागा सोडू नये ना! मला इतका संताप आला की मी मुद्दाम बाबांना चिकटून बसले.

आत एक तरुण डॉक्टर होता. बोलणं पुण्याकडचं, स्वच्छ, आणि डोळे झोप न झालेले. तो टेबलावरच्या कागदात बघत बाबांना विचारायला लागला, "काका, आज कुठला वार आहे?" बाबा गप्प. "काका, आपण कुठे आहोत?" बाबा त्याच्या टकलाची सुरुवात निरखत बसलेले. त्यानं काहीतरी लिहिलं. माझा पारा चढला. म्हटलं, "अहो डॉक्टर, कागदाशी काय बोलताय? तोंड वर करा, तोंड दाखवा त्यांना!" तो चमकला. पण त्यानं तोंड वर केलं, आणि पुन्हा विचारलं. बाबांनी वार सांगितला, महिना सांगितला, इस्पितळाचं नाव सांगितलं, वर हेही सांगितलं की तुमच्या भिंतीवरचं घड्याळ मागे आहे. सगळं इतक्या मोठ्यानं की बाहेरचे बाकावरचे लोक डोकावले.

मग मी त्याला सगळं समजावलं. साचे, खडखडाट, ओठ, खुणा. करूनच दाखवलं. मी खिडकीशी उभी राहिले आणि बाबांना ओठांनी विचारलं, चहा घेणार? बाबांनी ओठांनीच सांगितलं, इथला नको, पाणचट असणार. मी ते डॉक्टरला मोठ्यानं सांगितलं आणि तो खो खो हसला. त्याला मजा वाटली. त्यानं स्वतः करून बघितलं, बिनआवाजाचं काहीतरी बोलला. बाबा मला म्हणाले, हा बोबडा आहे का गो? मला वाटलं, जिंकलो. आता घरी जायचं, वाटेत हिंदमाताला आईला दुकानं बघू द्यायची, आणि जॉबरच्या नाकावर टिच्चून सांगायचं.

डॉक्टर मात्र हसायचा थांबला. म्हणाला, "पण ते बोलतात कोणाशी?"

बघा, माणूस वाईट नव्हता. त्यानं मला नीट सांगितलं. म्हणाला, छातीचा फोटो निघतो, रक्त काचेवर घेऊन बघता येतं, मनाला तसं काही नाही. आमच्याकडे बघणं आणि विचारणं, एवढंच. माणूस काय करतो, कधीपासून करतो, त्याचं काम त्यामुळे अडतं का, आपलं काहीतरी चुकतंय हे त्याला स्वतःला कळतं का. यावरून आजाराचं नाव ठरतं. एकटाच पुटपुटतो, हातवारे करतो, बोलावलं तर बघत नाही, समोर नसलेल्याचं ऐकतो, असं सगळं जुळलं तर स्किझोफ्रेनिया. मन खचून बसलं असेल तर मेलँकोलिया. तेच लक्षण एका आजारातही असतं, दुसऱ्यातही असतं, आणि नाव चुकलं की उपचारही चुकतात. मी म्हटलं, "आमच्या नळावर पण हेच करतात हो." तो म्हणाला, "बरोबर आहे. फक्त आमच्या नळावर पुस्तक आहे."

मग त्यानं बाबांना शेजारच्या छोट्या खोलीत एकटं बसवलं, समोर एक रिकामी खुर्ची ठेवली, आणि मला दाराच्या पडद्याआड उभं केलं. म्हणाला, ते काय बोलतात ते मला हळू आवाजात सांगा. तोवर मी बाबांचं ते बोलणं कधी वाचलं नव्हतं. घरी ते सुरू झालं की मी आत जायची. कोणाचं खाजगी पत्र वाचू नये तसं वाटायचं.

बाबा थोडा वेळ खुर्चीकडे बघत बसले. मग सुरू झाले. "आज सूत बरा नाय रे. सारखा तुटता." थांबले. मान हलवली. "तुका काय, तू सुटलंस." पुन्हा थांबले, आणि त्यांचे खांदे हलले, ते हसत होते. पुढे वाकले. "खोकलो कसो आसा आता?" आणि मग उत्तराची वाट बघत राहिले.

मी डॉक्टरला सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. लपवण्यासारखं काय होतं त्यात? मेलेल्या माणसाला माझा बाप खोकला कसा आहे विचारत होता, आणि डॉक्टरची लेखणी चालू होती.

डॉक्टर आत गेला, बाबांच्या समोर बसला, तोंड नीट दाखवून विचारलं, "काका, या खुर्चीत कोणी आहे का?" बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की वेडा तूच. "खुर्ची रिकामी आसा," ते ओरडले. "मेलो तो. मीच खांदो दिलंय तेका."

"मग तुम्ही बोलता कोणाशी?"

"तेच्याशीच."

"तो उत्तर देतो?"

बाबा विचारात पडले. मला अजून तो चेहरा दिसतो. त्यांना खरं तेच सांगायचं होतं. म्हणाले, "तो काय म्हणतलो ता माका ठावक आसा. इतकी वर्सां बोललंव. आता तोंड रवणा नाय." तोंड थांबत नाही, म्हणाले.

तरुण डॉक्टरनं लिहिलेलं सगळं पुन्हा वाचून काढलं. मग मला बाहेर आणून म्हणाला, "तुमचे वडील वेडे नाहीत असं मला वाटतं. शोक आहे हा. त्यांच्या पद्धतीचा शोक. औषध देऊ, दर आठवड्याला येत राहा. पण माझ्या वाटण्याला मोठ्या डॉक्टरांची सही लागते."

मोठे डॉक्टर आले ते पाच-सात विद्यार्थी घेऊन. पांढरे केस, आवाज मऊ. मला त्यांचा राग राग करायला आवडलं असतं, पण त्यांनी आल्या आल्या बाबांच्या खांद्यावर इतक्या मायेनं हात ठेवला की काय सांगू. मात्र ते उभे राहिले बाबांच्या मागे. मागूनच बोलले. बाबा वळले नाहीत. बाबांचे ओठ हलत होते. विद्यार्थी मान वाकडी करून बघत होते. तरुण डॉक्टर इंग्रजीत भराभर सांगायला लागला, साचे, गिरणी, खडखडाट. मोठे डॉक्टर सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, प्रत्येक घराकडे कारण असतं. कोणी म्हणतं परीक्षेत नापास झाला म्हणून, कोणी म्हणतं ऊन लागलं म्हणून. कारण नसलेलं घर मी अजून पाहिलं नाही." आणि मग आईला विचारलं, "घरीसुद्धा तुम्ही सगळे असंच ओठांनी बोलता? ही मुलगी म्हणते तसं?"

सगळे आईकडे बघायला लागले. विद्यार्थी, तरुण डॉक्टर, मी. आईनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. आणि म्हणाली, "छे छे. आमच्या घरात असला काय्येक नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं, जरा शुद्ध करून, "आम्ही चांगले मोठ्यानं बोलतो. मुलगी लहान आहे, काही पण सांगते."

का म्हणाली ती असं? मला नंतर कळलं, म्हणजे तिनंच सांगितलं. तिला वाटलं, एक वेडा आहे म्हणून एवढे डॉक्टर जमलेत, अख्खं घर असंच बोलतं म्हटलं तर आम्हा सगळ्यांना आत घेतील. निदान पोरीचं लग्न तरी कोण करील? लग्नाची बोलणी चालू होती माझी. तिनं आपल्या परीनं दोघांपैकी एकीला वाचवलं. आणि शिवाय ओठांनी बोलणं म्हणजे आमच्या घरात भांडण. नवऱ्याशी भांडते हे परक्या पुरुषांसमोर कबूल करायचं?

पण तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही. मी थेट तिच्याकडे वळले आणि ओठांनी म्हटलं, आई, खरं सांग! तोंडातून आवाज निघालाच नाही. आईशी असं काही बोलायचं तर ते ओठांनीच, लहानपणापासून तसंच. आणि तिनंही मला ओठांनीच उत्तर दिलं. गप रव! तुझा लगीन करूचा आसा! मी म्हटलं, बाबांना नेतील! ती म्हणाली, गप रव म्हणते ना सटवे! बोटं पण चालली होती आमची. आणि बाबा मध्येच उठून आमच्या दोघींकडे बघत ओठांनी विचारायला लागले, काय झालं गो, काय झालं?

किती वेळ चाललं असेल हे? फार नाही. मी भानावर आले तेव्हा खोली चिडीचूप होती. पाच-सात विद्यार्थी आम्हा तिघांकडे बघत होते. आमचे तिघांचे ओठ हलत होते आणि आवाज कोणाचाच नव्हता. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच दया होती. त्यांनी विद्यार्थ्यांना हळूच इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यातला 'फॅमिली' हा शब्द मला कळला. टायपिंगच्या क्लासात मी तो न बघता मारत असे.

तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, पण..." आणि सर पुढच्या पेशंटकडे गेले. त्यानं पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. माझ्याकडे बघवेना त्याला. मी ओरडून सांगायला हवं होतं की, आता तर डोळ्यांनी बघितलंत ना, हीच ती भाषा! सांगितलंही. घसा फोडून सांगितलं. पण जिला गप्प करायला दोघांना धरावं लागतं तिचं कोण ऐकतो? जितकी मी ओरडले तितकी मी त्यांच्या पुस्तकात नीट बसत गेले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बरा झाला, मी सांभाळून घेतलंय." मग वॉर्डबॉय बाबांना न्यायला आला.

शहराबाहेरच्या त्या इस्पितळात भेटायला आम्ही खालच्या आवारात उभ्या राहायचो आणि पेशंट वरच्या मजल्यावर जाळीच्या खिडकीशी यायचे. बाकीचे नातेवाईक मान वर करून बोंबलत होते, कोणाचं कोणाला कळत नव्हतं. आम्हाला काय त्याचं! बाबा खिडकीशी आले आणि ओठांनी म्हणाले, साचे कोणाला दिले? मी म्हटलं, बदलीवाल्याला. म्हणाले, तेलपाणी करतो का नीट? म्हणाले, तू वाळलीस. म्हणाले, इथे कान कोणी बघत नाही. इतक्या लांबून, इतक्या गलक्यात आम्ही दोघं घरी बसल्यासारखं बोललो. मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी. बाबांच्या मागे खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता, तो एकदा त्यांच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

पुढच्या खेपेला आईला तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, घरचे येऊन गेले की पुटपुटणं वाढतं. शॉक सुरू केलेत. पुटपुटणं थांबलं की सोडू.

त्यानंतर बाबा खिडकीशी यायचे आणि ओठ मिटून उभे राहायचे. घट्ट, दोन्ही ओठ आत घेऊन. मी खालून बोलायची, ते माझ्या चपलांकडे बघायचे. मी आणखी ताणून ओठ हलवायची, ते तोंड फिरवायचे. मग मी जायचंच कमी केलं. माझ्यामुळे त्यांचे तिथले दिवस वाढत होते ना. हे असलं गणित कोणाच्या नशिबी येऊ नये.

सोडलं त्यांना. सुधारणा आहे असा शेरा मिळाला. गिरणीनं साळखात्यात घेतलं नाही, कापडाच्या गोदामात काम दिलं, तिथे खडखडाट नव्हता. घरी गॅलरीत एकच स्टूल. विचारलं तर उत्तर, तेही मोठ्यानं, तेही थोडं. आईनं बिचारीनं एक दिवस चुलीपाशी बसून ओठांनी त्यांना शिव्या देऊन बघितल्या, चांगल्या ठेवणीतल्या. पूर्वी बाबा अशा वेळी सव्याज परत करायचे. ते भिंतीकडे बघत राहिले. मग आई रडली, अगदी आवाज करून. फळीपलीकडच्या काकू काय झालं म्हणून धावत आल्या.

आता म्हणे डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की माणूस कुठल्या समाजातला, काय काम करणारा, त्याच्यात कशाला काय म्हणतात, ते आधी विचारा आणि मग आजाराचं नाव द्या. नावंही पुष्कळ बदलली. चांगलं झालं. मी रागावायचं तरी कोणावर? मोठे डॉक्टर मायाळू होते, तरुण डॉक्टर हुशार होता, आईचा जीव तुटत होता, आणि मी खरं बोलत होते. एवढं सगळं बरोबर असून माझा बाप हातचा गेला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी संध्याकाळी लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दिव्यांच्या माळा, ढोल, ताशे, लेझीम, त्यात गिरण्यांचे भोंगे. आमच्या गॅलरीचे कठडे थरथरत होते. मी पेढ्यांचा पुडा घेऊन बाबांपाशी गेले. ते कठड्याला टेकून खाली बघत होते. खाली हजारो तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि एकाचाही शब्द वेगळा ऐकू येत नव्हता. अख्खं लालबाग साळखातं झालं होतं त्या दिवशी. बाबांचे डोळे एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर जात होते. ते वाचत होते. मला स्पष्ट दिसलं, ते वाचत होते! मी त्यांच्या समोर गेले आणि ओठांनी म्हटलं, बाबा, मुंबई मिळाली. पेढा देऊ?

बाबांनी दचकून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आणि आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

"असा बोलू नको गो बाय," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तुका पण नेतले."

मी मान हलवली. त्यांनी हात काढला. मग मी मोठ्यानं, चाळीतल्या सगळ्या शहाण्या माणसांसारखं ओरडून विचारलं, "बाबा, पेढा देऊ?" ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, आणि त्या गलक्यात त्यांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.